एड्सची पहिली वर्षं आणि तेव्हाचे नेते : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात पंधराएक वर्षं मी एचआयव्ही समुपदेशक म्हणून काम केलं. डिसेंबर उजाडला की बोलावणी यायची. कॉलेजमधली एनएसएसची मुलं, कारखान्यावर विड्या जमा करायला आलेल्या बायका, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर उभे असलेले कामगार, हैदराबाद रोडला गाडी भरायची वाट बघत बसलेले ड्रायव्हर-क्लीनर. रोग कसा होतो, कसा होत नाही, हे सांगून झालं की कुणीतरी हमखास विचारायचं, "मॅडम, हे सगळं सुरू झालं तेव्हा सरकार काय करत होतं?" पाच मिनिटांत या प्रश्नाचं उत्तर कधीच झालं नाही. म्हणून ते इथं सविस्तर लिहिते आहे. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. मतं माझी आहेत आणि ती मी झाकून ठेवलेली नाहीत.

हा आजार पहिल्यांदा कधी कळला?

५ जून १९८१. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसच्या पाच तरुण पुरुषांची नोंद आली. त्यांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता, जो धडधाकट माणसाला सहसा होत नाही. पाचही जण समलिंगी होते. 'एड्स' हे नाव सप्टेंबर १९८२ पासून वापरात आलं. त्यामागचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला आणि रक्ततपासणीला मार्च १९८५ मध्ये मान्यता मिळाली.

अमेरिकेचे अध्यक्ष रेगन सात वर्षं 'एड्स' हा शब्दच बोलले नाहीत, हे खरं का?

व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं खरं नाही. जे खरं आहे तेही पुरेसं वाईट आहे. रोनाल्ड रेगन जानेवारी १९८१ मध्ये अध्यक्ष झाले. एड्सबद्दल ते जाहीरपणे पहिल्यांदा बोलले ते १७ सप्टेंबर १९८५ रोजी, आणि तेही पत्रकार परिषदेत कुणी विचारलं म्हणून. या विषयावरचं पहिलं मोठं भाषण त्यांनी ३१ मे १९८७ रोजी केलं. तोवर त्यांच्या देशात वीस हजारांहून जास्त माणसं एड्सनं गेली होती. तारखा नीट सांगते, कारण तारीख चुकली की समोरचा माणूस मुद्दाही उडवून लावतो.

मला त्यांच्या मौनाहून जास्त टोचतो तो हशा. १५ ऑक्टोबर १९८२, व्हाइट हाउसमधली रोजची पत्रकार परिषद. लेस्टर किन्सॉल्व्हिंग नावाच्या पत्रकारानं विचारलं की या आजाराचे सहाशेवर रुग्ण झालेत, त्यावर अध्यक्षांचं काय म्हणणं आहे? प्रवक्ते लॅरी स्पीक्स म्हणाले, मला नाही झालेला, तुम्हाला झालाय का? खोली हसली. हसणाऱ्यांत इतर पत्रकारही होते. किन्सॉल्व्हिंग यांनी पुढच्या दोन वर्षांत हा विषय पुन्हा काढला, तेव्हाही थट्टाच झाली.

कॉलेजात हा प्रसंग सांगितला की मागच्या बाकांवर थोडं हसू यायचंच. मी थांबायचे. मग सांगायचे की त्या दिवशी त्या खोलीत अगदी असंच हसू आलं होतं. त्यानंतर वर्ग शांत व्हायचा.

पण तेव्हा डॉक्टरांनाच काही माहीत नव्हतं. मग नेत्यांना दोष का द्यायचा?

पहिल्या वर्षापुरतं हे म्हणणं रास्त आहे. १९८१ मध्ये खरंच कुणाला काही ठाऊक नव्हतं. पण १९८३ संपायच्या आत आजार कसा पसरतो ते कळलं होतं : लैंगिक संबंधातून, रक्तातून, दूषित सुईतून, आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्यानं, हात मिळवल्यानं, शेजारी बसल्यानं होत नाही, हेही तेव्हाच सांगितलं गेलं. म्हणजे डॉक्टरांचं अज्ञान दोनेक वर्षांचं. नेत्यांचं मौन त्याच्या कितीतरी पुढं चाललं.

पैशाचंही तसंच. हेन्री वॅक्समन नावाच्या लोकप्रतिनिधींनी एप्रिल १९८२ मध्येच लॉस एंजेलिसला या विषयावर सुनावणी घेतली होती. पुढची काही वर्षं सरकारनं मागायचं थोडं आणि काँग्रेसनं मंजूर करायचं जास्त, असं अनेकदा झालं. (इथं काँग्रेस म्हणजे तिथली संसद. एकदा सात रस्त्याजवळच्या एका कार्यक्रमात यावरून चांगलाच वाद पेटला होता, म्हणून सांगून ठेवते.)

कोरोनात तर नेते रोज टीव्हीवर होते. एड्सच्या वेळी का नाही?

हा प्रश्न २०२० नंतर यायला लागला आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

कोरोना कुणालाही गाठू शकतो हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मंत्र्याला, कलेक्टरला, त्यांच्या आईवडिलांना. एड्सच्या सुरुवातीला आजारी पडले ते अमेरिकेतले समलिंगी पुरुष, सुईनं नशा करणारे, हैतीहून आलेले गरीब स्थलांतरित आणि ज्यांना वरचेवर बाहेरून रक्तघटक घ्यावे लागायचे असे हिमोफिलियाचे रुग्ण. यातल्या बहुतेकांच्या बाजूनं उभं राहून मतं मिळत नव्हती, उलट जात होती. रेगन यांच्या विजयात धर्मवादी संघटनांचा मोठा हात होता, आणि त्यांतले जेरी फॉलवेल यांच्यासारखे धर्मोपदेशक या आजाराला देवाची शिक्षा म्हणत होते.

दुसरं कारण लाज. खोकल्याबद्दल बोलता येतं. शरीरसंबंधाबद्दल, निरोधबद्दल मंत्री मंचावरून काय आणि कसं बोलणार? इथं मला वाशिंग्टन आणि आपला तालुका यांत फारसा फरक दिसत नाही.

आणि प्लेग आठवा. १८९७ च्या साथरोग कायद्याखाली सरकार लोकांच्या घरांत घुसलं, माणसं उचलून नेली. आजीच्या तोंडून तिच्या आजीच्या गोष्टी ऐकलेली घरं सोलापुरात अजून आहेत. साथ आली की सत्तेला दोनच गोष्टी पटकन सुचतात, एक तर गप्प बसणं, नाहीतर कोंडून घालणं. एड्समध्ये आपल्याकडे दोन्ही झालं. ते पुढं येईलच.

नीट वागलेला एकही नेता नव्हता का?

होते की. आणि ते कुठून निघाले ते बघण्यासारखं आहे.

अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे जनतेला आरोग्याचा सल्ला देणारे सरकारचे मुख्य डॉक्टर, सी. एव्हरेट कूप. पक्के धार्मिक, गर्भपाताच्या कट्टर विरोधातले, रेगन यांनीच नेमलेले. सगळ्यांना वाटलं हे गप्प बसतील नाहीतर उपदेश करतील. त्यांनी ऑक्टोबर १९८६ मध्ये जो अहवाल काढला त्यात शाळेतल्या लैंगिक शिक्षणाबद्दल आणि निरोधबद्दल स्वच्छ लिहिलं. त्यांच्याच पक्षातले लोक भडकले. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक घरी, दहा कोटींवर घरांत, टपालानं माहितीपत्रक गेलं. आपली श्रद्धा त्यांनी सोडली नाही आणि तिच्या आड आपलं कामही येऊ दिलं नाही. कीर्तनाला बसणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग मी पण बोलू शकतो की." आणि पुढच्या महिन्यात खरंच ते गावात बोलले.

ब्रिटनमध्ये आरोग्यमंत्री नॉर्मन फाउलर यांनी १९८७ मध्ये घरोघरी पत्रकं पाठवली. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना त्यातली उघड भाषा पटत नव्हती, तरी मोहीम झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजकुमारी डायनानं लंडनच्या रुग्णालयात एड्सच्या रुग्णाशी हातमोजा न घालता हात मिळवला. ती काही मंत्री नव्हती. पण तो फोटो जगभर गेला, आणि हजार पत्रकांनी झालं नसतं ते त्यानं केलं.

युगांडाचे योवेरी मुसेवेनी १९८६ मध्ये सत्तेवर आले. क्युबाला प्रशिक्षणासाठी पाठवलेल्या ६० सैनिकांपैकी १८ जणांना लागण आहे, हे त्यांना फिडेल कॅस्ट्रो यांच्याकडून कळलं, असं ते स्वतः सांगत. मग हा माणूस गावोगाव जाऊन जवळजवळ प्रत्येक सभेत एड्सबद्दल बोलायला लागला. त्यांची एक घोषणा गुरांवरून होती : जनावर मोकळं न सोडता दावणीलाच चारा घालतात, तसं घरचं धरून राहा. माढ्या-मोहोळकडच्या शेतकऱ्यांना ही घोषणा सांगितली की समजवावी लागत नसे. याच मुसेवेनींनी २०२३ मध्ये समलिंगी लोकांविरुद्ध अतिशय कठोर कायद्यावर सही केली, हेही मी सांगते. एका कामासाठी माणसाचं कौतुक करताना दुसरं झाकू नये.

झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी १९८७ मध्ये जाहीर केलं की आपला मुलगा एड्सनं गेला. गादीवर बसलेल्या बापानं आपल्या घरातलं मरण लोकांसमोर मांडलं. नेल्सन मंडेला यांनी जानेवारी २००५ मध्ये तेच केलं.

थायलंडबद्दल ड्रायव्हर लोक आवर्जून ऐकायचे. तिथं कुटुंबनियोजनाचं काम करणाऱ्या मेचाई वीरवैद्य यांनी निरोधबद्दल इतकं उघडपणे बोलून दाखवलं की तिकडं लोक निरोधलाच 'मेचाई' म्हणायला लागले. १९९१ मध्ये तिथल्या सरकारनं वेश्यागृहांत शंभर टक्के निरोधचा नियम देशभर लावला. त्या वर्षी नव्या लागणी सुमारे १ लाख ४३ हजार होत्या, त्या २००३ मध्ये सुमारे १९ हजारांवर आल्या.

दक्षिण आफ्रिकेत काय झालं होतं? लसूण-बीटचं काहीतरी ऐकलंय.

तिथले अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एचआयव्हीमुळं एड्स होतो यावरच शंका घेतली. १९९९ नंतरची गोष्ट आहे ही, औषधं आलेली असताना. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, लिंबू, बीट खायला सांगत. हार्वर्डच्या संशोधकांनी पुढं हिशोब मांडला की औषधं वेळेवर न दिल्यानं तिथं ३ लाख ३० हजारांवर जीव गेले. आपल्याकडेही 'जडीबुटीनं एचआयव्ही मुळापासून बरा' अशा पाट्या होत्या. पंढरपूर रस्त्याला अशा एका वैदूकडे दोन एकर विकून बसलेला माणूस मी पाहिलाय. पण ती एका वैदूची पाटी होती. तिकडं तीच गोष्ट देशाचं धोरण झाली.

भारतात पहिल्यांदा कुणी सांगितलं? आणि नेत्यांनी ऐकलं का?

१९८६. मद्रासच्या डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने निर्मला यांनी गोळा केले. ते ठेवायला जागा नव्हती म्हणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि मग वेल्लोरला नेऊन तपासले. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी मे महिन्यात ते विधानसभेत जाहीर केलं. आधी कुणाचा विश्वास बसेना.

सरकार अगदीच निजलं होतं असं मी म्हणणार नाही. १९८६ मध्येच राष्ट्रीय समिती झाली, १९८७ मध्ये नियंत्रण कार्यक्रम आला, रक्तपेढ्यांतल्या रक्ताची तपासणी पुढं सक्तीची झाली. पण बोलणं सगळं एकाच सुरात होतं : हे बाहेरचं आहे, आपल्या संस्कृतीत हे चालत नाही. आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या सक्तीनं तपासण्या झाल्या, काहींना परत पाठवलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तेव्हाच्या महासंचालकांनी तर १९८८ मध्ये परदेशी लोकांशी शरीरसंबंधांवर कायद्यानं बंदी घाला, असं सुचवलं. १९८९ मध्ये राज्यसभेत एड्स प्रतिबंध विधेयक आलं. त्यात सक्तीची तपासणी आणि रुग्णांना वेगळं ठेवण्याची तरतूद होती. कार्यकर्त्यांनी आणि वकिलांनी जोरदार विरोध केला आणि शेवटी ते मागं घेतलं गेलं.

गोव्यात एका पेशंटला खरंच कोंडलं होतं?

हो. त्यांचं नाव डॉमिनिक डिसूझा. नियमित रक्तदान करणारा तरुण माणूस. रक्तदानातूनच लागण कळली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना उचलून म्हापशाच्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत नेऊन ठेवलं. चौसष्ट दिवस. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून ही सोय आधीच केलेली होती. त्यांच्या आईनं दाद मागितली, वकिलांनी लढा दिला, गावातले लोक त्यांच्या सुटकेसाठी रस्त्यावर आले. तरी आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठानं तो कायदा वैध ठरवला. सुटल्यावर डॉमिनिक यांनी रुग्णांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये ते गेले.

याच उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये, केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामाला सक्षम असलेल्या कामगाराला नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. मधल्या आठ वर्षांत न्यायाधीश बदलले असतील, पण त्याहून जास्त बदललं ते समोर उभं राहणाऱ्यांचं धाडस.

आणखी एक गोष्ट आपल्या रुळांवरची. १९९० मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीतून शेकडो तमिळ स्त्रियांना खास गाडीनं मद्रासला नेण्यात आलं. गाडीला नाव दिलं होतं 'मुक्ती एक्स्प्रेस'. तिथं त्यांना सरकारी गृहांत ठेवून तपासण्या केल्या. मुंबई-मद्रास मार्ग सोलापूरवरूनच जातो, त्यामुळं स्टेशनवर गेले की माझ्या डोक्यात हे नाव येतं. कुणी त्या बायांना विचारलं होतं का, की तुम्हाला कुठं जायचंय?

नेत्यानं बोलून काय होतं? औषध तर डॉक्टरच देणार.

एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही.

नवरा ट्रकवर होता, तो गेला. बाई तिशीच्या आतली, तिचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह. मी घरी गेले तेव्हा ती ओसरीवर बसली होती आणि कट्ट्याच्या कोपऱ्यात तिचं ताट, वाटी, फुलपात्र वेगळं पालथं घातलेलं होतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका, इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून. सासू वाईट नव्हती. घाबरलेली होती. मी तासभर बोलले, चित्रं दाखवली, तिनं मान डोलावली आणि भांडी तिथंच राहिली. तीन वेळा गेले, तिन्ही वेळा तसंच.

चौथ्या वेळी मी सरपंचांना गळ घातली. ते आधी टाळत होते, मग आले. काही बोलले नाहीत. ओसरीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "सूनबाई, चहा टाक." तिनं चहा केला. शेजारपाजारचे डोकावत होते. सरपंचांनी बशीत ओतून चहा प्याला, अजून अर्धा कप मागितला आणि उठून गेले. भांडी आत जायला तरी दोन महिने लागले. पण तिसऱ्याच दिवशी शेजारीण मीठ मागायला आली, जी वर्षभर आली नव्हती. पुढं एकदा मी तिथंच जेवले, तेव्हा माझ्या वाटीच्या बुडाला तो ठिपका होता. खरवडून निघाला नव्हता. आता तो सगळ्यांच्यात फिरत होता.

डॉक्टर गोळी देतो. ती गोळी घ्यायला माणूस घराबाहेर पडेल का, हे गावातला मोठा माणूस काय बोलतो यावर ठरतं. रेगन यांच्या १९८२ सालच्या खोलीतला हशा आणि ही ओसरी मला एकाच धाग्यात दिसतात, एक उलटा आणि एक सुलटा.

सोलापूरचाच एवढा उल्लेख का? इथं काय वेगळं होतं?

महाराष्ट्र हे तेव्हा देशातल्या सर्वाधिक लागणीच्या सहा राज्यांपैकी एक होतं. बाकीची तमिळनाडू, तेव्हाचा आंध्र प्रदेश, कर्नाटक, मणिपूर आणि नागालँड. यातल्या दोन राज्यांशी सोलापूरचं रोजचं जाणं-येणं. पुणे-हैदराबाद हायवे गावातून जायचा, विजापूरचा रस्ता इथूनच फुटतो. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांची सोयरीक तेलंगणात.

आणि नेमक्या नव्वदच्या दशकात गिरण्या बंद पडल्या. लक्ष्मी-विष्णूसारख्या. भोंगा थांबला तशी कमावती माणसं भिवंडीला, मुंबईला, पुण्याला गेली आणि बायका मागं विड्या वळत राहिल्या. एकटा राहणारा पुरुष, वर्षातून दोनदा घरी येणारा, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला आणि दिवाळीला. काही महिन्यांनी बाई बाळंतपणाच्या तपासणीला यायची आणि रिपोर्ट बघून मला विचारायची, "मी तर घराबाहेर पाय टाकला नाही, मॅडम." या वाक्याला माझ्याकडे कधी उत्तर नव्हतं.

शेजारच्या सांगलीत संग्राम संस्थेनं १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच पुढं घालून काम केलं. त्यांना कुणी सुधारायला गेलं नाही. त्याच एकमेकींना निरोध वाटायच्या आणि पोलीस ठाण्यात एकमेकींसाठी उभ्या राहायच्या. पंढरपुरात मंगलताई शहा यांनी २००१ पासून 'पालवी'त एचआयव्हीसह जगणारी मुलं वाढवली. ही कामं कुणा मंत्र्याच्या भाषणाची वाट बघत थांबली नाहीत, आणि तरी मला वाटत राहतं की दहा वर्षं आधी कुणी वरून बोललं असतं तर पालवीत इतकी मुलं यावी लागली नसती.

मग आपले नेते बोलायला कधी लागले?

१९९२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, उभी राहिली. पैसे देऊन रक्त विकत घेण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. त्याच वर्षी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी एड्स हे देशाच्या आरोग्यापुढचं सर्वांत गंभीर आव्हान असल्याचं उघड सांगितलं. पहिल्या रुग्णानंतर बारा वर्षांनी. उशीर झाला, पण त्या वाक्याचा उपयोग झाला. जिल्ह्याच्या बैठकीत हा विषय काढला की आधी अधिकारी कागद चाळायचे, नंतर ऐकायला लागले, असं माझ्या आधीच्या सहकारी सांगायच्या.

२००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीनं एचआयव्हीवरच्या तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं. तोवर श्रीमंत देशांत हाच खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००३ मध्ये आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी केरळात शाळेतून काढलेल्या दोन एचआयव्हीग्रस्त भावंडांना कॅमेऱ्यासमोर जवळ घेतलं, आणि त्याच वर्षअखेर मोफत औषधांची घोषणा केली. १ एप्रिल २००४ पासून देशातल्या आठ रुग्णालयांत औषधं सुरू झाली, त्यात मुंबईचं जे. जे. होतं. आमचे पहिले पेशंट सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर बसून जे. जे.ला जायचे. पुढं सोलापूरच्या सिव्हिललाच एआरटी केंद्र, म्हणजे ही औषधं देणारं केंद्र, झालं.

मागं जाणंही झालं. २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली. आमदारांना त्यातली चित्रं अश्लील वाटली. मला तो निर्णय आजही चुकीचा वाटतो.

हा समलिंगी लोकांचाच रोग होता ना?

नाही. नोंद आधी त्यांच्यात झाली इतकंच. आपल्याकडे बहुतेक लागण स्त्री-पुरुष संबंधांतूनच झाली. पण त्या लोकांचं ऋण मान्य करायला हवं. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या 'ॲक्ट अप' संघटनेनं औषधं लवकर आणि स्वस्त मिळावीत म्हणून रस्ते अडवले, अटका करवून घेतल्या. मरणाच्या दारातल्या पोरांनी सरकारला औषधांच्या चाचण्यांचे नियम बदलायला लावले. आपल्याकडे दिल्लीत एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या संघटनेनं १९९४ मध्ये तिहार तुरुंगात निरोध देण्यावरून आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ते कलम सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द व्हायला २०१८ उजाडलं.

आज कुणी कामावरून काढलं, दवाखान्यात घेतलं नाही, तर काय करायचं?

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचं घर नाकारता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार अधिकारी नेमावा लागतो, दवाखान्यात ही मर्यादा वीस आहे. तक्रारीसाठी राज्याचा लोकपाल आहे. पहिली माहिती १०९७ या मोफत नंबरवर मिळते.

कायद्याच्या आधीची एक रात्र माझ्या मनातून जात नाही. शहरातल्या एका खासगी प्रसूतिगृहानं कळा सुरू झालेल्या बाईला फाइलवर लाल शाईनं एक खूण करून रात्री दीड वाजता बाहेर काढलं. रिक्षानं सिव्हिलला आणली. बाळंतपण नीट झालं, मुलीला लागण नव्हती, ती आता कॉलेजात आहे. ती लाल खूण आज कुणी केली तर तो गुन्हेगार ठरू शकतो, हे आईला मी मुद्दाम फोन करून सांगितलं.

मॅडम, तुम्ही तेव्हा आमच्या वर्गात 'निरोध' हा शब्द का बोलला नाहीत?

हा प्रश्न एकदाच आला, पण तो ठेवायचाच आहे. विचारणारी मुलगी एका शाळेत दहावीला असताना मी तिथं बोलायला गेले होते. साल २००८. भाषणाआधी मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बंदीचा काळ आहे, पालक तक्रार करतील, तेवढा शब्द टाळा. मी टाळला. 'संयम', 'काळजी', 'सुरक्षितता' असं काहीतरी बोलून बाहेर पडले. आठ वर्षांनी ती माझ्या खोलीत समोरच्या खुर्चीत बसली होती, रिपोर्ट हातात घेऊन, आणि तिनं अगदी शांतपणे हे विचारलं.

मी तिला खरं सांगितलं : मला भीती वाटली होती. तिनं मान हलवली आणि गोळ्यांची वेळ विचारली. रात्री जेवणानंतर, रोज एकाच वेळेला, असं मी सांगितलं. तिनं फोनमध्ये नऊचा गजर लावला.